मंडळ कोणाचं? सातारा-सांगलीतल्या विद्यार्थी संस्थांचा एक धावता इतिहास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सगळ्यांकडून आठवणी मागवल्या आहेत. गॅदरिंगच्या, सहलीच्या आणि छड्यांच्या आठवणी आपल्यातले इतर जण माझ्यापेक्षा रंगवून लिहितील याची मला खात्री आहे. म्हणून मी जरा वेगळा विषय घेतला. विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेली मंडळं, वसतिगृहं, परिषदा आपल्या सातारा-सांगली भागात कशी उभी राहिली आणि पुढे त्यांचं काय झालं, हा तो विषय. मी इतिहासाची नाही, कॉम्प्युटरची माणूस. तेव्हा इतिहासाच्या बाईंनी गुण देताना जरा सांभाळून घ्यावं.

या विषयाकडे वळण्याचं कारण आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच आहे. मेळाव्यासाठी जमलेल्या वर्गणीतून उरलेल्या रकमेचं काय करायचं, यावर तिथे बरेच दिवस चर्चा चालू आहे. कोणी म्हणतं वॉटर प्युरिफायर द्या, कोणी म्हणतं स्मार्ट बोर्ड, कोणी म्हणतं शाळेच्या दाराशी कमान बांधा आणि खाली बॅचचं नाव घाला. आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपासचे लोक पंधरा वर्षांच्या मुलांना काय हवं ते ठरवतो आहोत. या चर्चेत एकानेही अजून त्या मुलांना विचारलेलं नाही. हे लक्षात आल्यावर मला प्रश्न पडला, की आपल्या भागात विद्यार्थ्यांना स्वतःचं स्वतः ठरवायला कधी आणि कितपत मिळालं?

कोणतंही विद्यार्थी मंडळ खरोखर विद्यार्थ्यांचं आहे का, हे तपासायला मला तीन प्रश्न पुरेसे वाटतात. त्यात सगळ्यांना येता येतं का? कामाची आणि पैशांची जबाबदारी कोणाकडे आहे? आणि पुढारी कोण ठरवतं? या तीन प्रश्नांचा धागा धरूनच मी पुढचं लिहिते आहे.

सुरुवात थोडी दूरून, मुंबईपासून करावी लागेल. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी मिळून ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. दादाभाई नौरोजी तिच्या पहिल्या फळीतले. सभासदांनी निबंध वाचायचे, त्यावर चर्चा करायची, असं तिचं साधं स्वरूप होतं. मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांसाठी तिच्या ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. पण ही मुलं निबंध वाचून थांबली नाहीत. १८४९ साली त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि सुरुवातीला तिथे स्वतःच बिनपगारी शिकवलं. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली. म्हणजे आपल्याकडे विद्यापीठ यायच्या आधी विद्यार्थी मंडळ आलं! आणि त्याने पहिलं मोठं काम केलं ते ज्यांना शाळेचं दार बंद होतं त्यांच्यासाठी. त्याच १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली होती. सावित्रीबाईंचं माहेर नायगाव आणि जोतीरावांचं मूळ गाव कटगुण, ही दोन्ही गावं सातारा जिल्ह्यातली.

आता साताऱ्यात येऊ. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, सुभेदार रामजींच्या मुलाचं नाव दाखल झालं. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. २०१७ पासून महाराष्ट्र सरकारने हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली. आपल्याला त्या दाखल्याचा अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा. पण साताऱ्यातल्या शाळकरी दिवसांबद्दल बाबासाहेबांनी पुढे काय लिहिलं, तेही वाचायला हवं. वर्गात इतर मुलांच्या मध्ये बसायला त्यांना परवानगी नव्हती. कोपऱ्यात वेगळं बसायचं, तेही घरून आणलेल्या गोणपाटावर. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. नाव हजेरीपटावर होतं, पण वर्ग त्यांचा नव्हता. माझ्या पहिल्या प्रश्नाचं महत्त्व यातून कळतं. प्रवेश मिळणं वेगळं आणि सामील करून घेणं वेगळं.

याच साताऱ्यात चोवीस वर्षांनी, १९२४ साली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी एक वसतिगृह सुरू केलं. भाऊरावांचा जन्म कुंभोजचा, घर ऐतवडे बुद्रुकचं, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातलं. त्यांची गोष्ट आपण शाळेत शिकलो आहोत, पण त्यातला एक भाग मला आता जास्त महत्त्वाचा वाटतो. भाऊराव स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वेगवेगळ्या जातींसाठी वसतिगृहं काढायला मदत केली होती, त्यांपैकी हे एक. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला भाऊराव गेले आणि परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला. त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. एका वसतिगृहातून बाहेर काढलेल्या विद्यार्थ्याने पुढे असं वसतिगृह काढलं, जिथून जातीच्या कारणाने कोणालाच बाहेर काढलं जाणार नव्हतं.

कोल्हापूरच्या वसतिगृहांनी मोठं काम केलं, यात शंका नाही. पण ती जातवार होती. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. ज्या गावात एका मुलाला नळाला हात लावता येत नव्हता, त्याच गावात पाव शतकात एका चुलीवरचं अन्न सगळे खाऊ लागले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं.

या बोर्डिंगमध्ये नोकरचाकर नव्हते. दळण, स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणं, शेतातलं काम हे सगळं मुलांनीच करायचं. पैसे नव्हते हे त्यामागचं उघड कारण. लक्ष्मीबाई पाटलांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही विकलं, ही गोष्ट सातारा जिल्ह्यात घरोघरी सांगितली जाते. १९३० साली त्या गेल्या. पण कारण फक्त गरिबीचं नव्हतं. भाकरी भाजायची पाळी आली की पाटलाच्या मुलालाही भाजावी लागते आणि महाराच्या मुलालाही, आणि ती दोघांनाही खावी लागते. समतेवरच्या भाषणापेक्षा कामाच्या पाळीपत्रकाने मुलं जास्त शिकली असणार, असं मला वाटतं. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे रयत शिक्षण संस्थेचं बोधवाक्य आपण भिंतींवर इतक्या वेळा पाहिलं आहे की त्याचा अर्थ डोळ्यांआड गेला. संस्था आपल्यासाठी काही करेल, हा त्याचा अर्थ नाही. आपण संस्था चालवू, असा त्याचा अर्थ आहे.

या बोर्डिंगमधून जी मुलं पुढे आली त्यांत बॅरिस्टर पी. जी. पाटील होते. ते साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. बोर्डिंगच्या पंगतीपासून कुलगुरूंच्या खुर्चीपर्यंतचा हा प्रवास कोणत्याही भाषणापेक्षा बोलका आहे.

साताऱ्याचा आणि सांगलीचा इतिहास शेजारी ठेवला की दोन वर्षं डोळ्यांत भरतात. पहिलं १९१९. त्या वर्षी जूनमध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगली आणि मिरजेच्या मधे, विश्रामबागेत, विलिंग्डन कॉलेज सुरू केलं. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचं नाव त्याला दिलेलं. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. दुसरं वर्ष १९४७. त्या वर्षी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, जिथे ‘कमवा आणि शिका’ हे कॉलेजच्या पातळीवर आलं. आणि त्याच वर्षी सांगलीत धोंडूमामा साठ्यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केलं. १९५५ साली त्याला उद्योगपती वालचंद हिराचंद यांचं नाव मिळालं. आज त्याला आपण वालचंद म्हणतो आणि आपल्या वर्गातल्या निम्म्या पालकांचं ते स्वप्न होतं.

दोन्ही वर्षांत दोन्ही गावांत संस्था निघाल्या, पण विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलेलं काम वेगवेगळं होतं. साताऱ्यात त्यांच्या हातात कुदळ आणि परात आली. सांगलीत रंगमंच आणि वादविवाद सभा आली. ते साहजिकच होतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ सादर केलं ते सांगलीत, त्यामुळे नाटक त्या गावाच्या अंगातच आहे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं नाटक म्हणजे तिथे नुसती करमणूक नव्हती. नाटक बसवायचं म्हणजे महिनाभर तालमी, नेपथ्याचं सामान भाड्याने आणणं, कपडेपट, तिकिटं किंवा पास, पाहुण्यांची व्यवस्था आणि शेवटी जमाखर्च. विद्यार्थी हे सगळं करत. कॉलेजच्या नियतकालिकाचंही तसंच. संपादक विद्यार्थी, लेखक विद्यार्थी, मुद्रितं तपासायला छापखान्यात बसणाराही विद्यार्थी. परातीतून मुलं जे शिकली ते नाटकातूनही शिकली. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पैशात, दहा वेगवेगळ्या स्वभावांच्या माणसांकडून एक काम पुरं करून घेणं. ऑफिसात आम्ही याला प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतो आणि ते शिकवायला हॉटेलात दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवतो.

साताऱ्या-सांगलीची कॉलेजं आधी मुंबई विद्यापीठाच्या आणि मग पुणे विद्यापीठाच्या छायेत होती. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा या भागाला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. विद्यापीठाच्या आवारातही कमवा आणि शिका योजना सुरू झाली, तीही त्याच जुन्या विचाराची. आता युवक महोत्सवासाठी पुण्याकडे बघायची गरज उरली नाही. वडूजच्या, विट्याच्या, जतच्या कॉलेजातली मुलं आपलं लोकनृत्य, पथनाट्य, एकांकिका घेऊन जिल्ह्याच्या आणि मग विद्यापीठाच्या मंचावर जाऊ लागली. बसचा प्रवास, एकत्र मुक्काम आणि हरल्यावर परतीच्या वाटेवर परीक्षकांना दिलेल्या शिव्या, हा शिक्षणाचा भाग कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेला नसतो.

२४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातल्या ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आपण तिला एनएसएस म्हणतो. पुढच्या तीनच वर्षांत, १९७२ चा दुष्काळ आला. माण, खटाव, आटपाडी, जत या आपल्या पूर्वेकडच्या तालुक्यांनी तो कसा काढला ते आपल्या आईवडिलांनी आपल्याला सांगितलं आहे. सुकडीचे दिवस आणि खडी फोडायची कामं. १९७३ साली देशभरातल्या एनएसएसच्या शिबिरांचा विषयच ‘दुष्काळाविरुद्ध तरुण’ असा होता. शिबिरात रस्ता किती झाला, चर किती खणले, याचे आकडे अहवालात गेले. पण गावच्या देवळात दहा दिवस राहून, त्याच गावची भाकरी खाऊन परत आलेल्या मुलांचा गावाकडे बघण्याचा डोळा बदलला, त्याची नोंद कुठेच नाही.

इथपर्यंतचा इतिहास चढता आहे. आता उताराची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हा लेख म्हणजे सत्काराचं भाषण होईल.

आपल्या आधीच्या पिढीच्या कॉलेजांत निवडणुका व्हायच्या. वर्गाचा सीआर, मुलींची एलआर आणि सगळ्या कॉलेजचा जीएस. रंगीत पत्रकं, जीपगाड्या, वर्गावर्गात भाषणं. त्यातून वक्ते आणि कार्यकर्ते घडले, आणि आपल्या भागातले अनेक पुढारीही. पण निवडणुकांबरोबर बाहेरचा पैसा आला, पक्ष आले, मारामाऱ्या आल्या. मुंबईत तर १९८९ साली एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. महाराष्ट्रभर पालक आणि प्राध्यापक हबकले. शेवटी १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकांऐवजी गुणवत्तेवर नेमणूक आणली. आधीच्या परीक्षेत ज्याला सर्वांत जास्त गुण तो वर्गाचा प्रतिनिधी. अशा नेमलेल्या प्रतिनिधींनी आपल्यातून सचिव निवडायचा.

आपण कॉलेजात गेलो ते नेमके याच काळात. मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इंजिनिअरिंग केलं आणि तिथे दोन वर्षं वर्गप्रतिनिधी होते. मला कोणीही निवडलं नव्हतं. माझे गुण जास्त होते, म्हणून नोटीस बोर्डावर माझं नाव लागलं. वर्गाला माझ्याकडून काय हवं ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मी काही केलं नाही म्हणून मला कोणी बदलूही शकत नव्हतं. वर्षातून दोन बैठका व्हायच्या. चहा, बिस्किटं आणि आधीच टाइप केलेल्या ठरावावर सह्या. गॅदरिंगचं बजेट ऑफिसातच ठरलेलं असायचं.

गंमत म्हणजे खरं गॅदरिंग दुसरीच मुलं चालवत होती. त्यांच्या बैठका रात्री आठनंतर मुलांच्या होस्टेलच्या कँटीनमध्ये व्हायच्या. आमच्या होस्टेलचं फाटक संध्याकाळी सात वाजता बंद व्हायचं. त्यामुळे कागदावर मी परिषदेची सभासद होते आणि प्रत्यक्षात पाहुण्यांना गुच्छ देण्यापुरती होते. कोणी मुद्दाम वाईट वागलं असं मी म्हणत नाही. ती मुलं चांगली होती, आजही मित्र आहेत. पण फाटकाची वेळ आणि बैठकीची वेळ शेजारी ठेवून कोणी पाहिलीच नव्हती. आपल्या वर्गातल्या किती मुलींनी हेच अनुभवलं असेल! हजेरीपटावर नाव आणि वर्गात जागा यांतलं अंतर मी वर लिहिलं, ते अनेक प्रकारे उरतं. बाबासाहेबांनी सोसलं त्याच्याशी आमच्या फाटकाची तुलना मी करत नाही, तसं करणं शोभणारही नाही. पण आत घेतलंय असं वाटत असताना माणूस बाहेर कसा राहतो, हे समजायला तो फाटकाचा अनुभव मला उपयोगी पडला.

गुणवत्तेच्या नेमणुकीने शांतता आणली, हे कबूल करायला हवं. कॉलेजांत हाणामाऱ्या कमी झाल्या आणि शिक्षकांची झोप परत आली. पण त्या शांततेची किंमत होती. निवडून येण्यासाठी वर्गातल्या पन्नास जणांशी बोलावं लागतं, हरावंही लागतं, आणि जिंकल्यावर जाब द्यावा लागतो. हे तिन्ही गेलं. पहिल्या बाकावरच्यांना पद मिळालं आणि शेवटच्या बाकावरच्यांना कळलं की हे आपलं काम नाही.

२००६ साली लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केल्या. निवडणुका घ्या, पण उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत, वयाची मर्यादा, हजेरीची अट, छापील पत्रकांना बंदी, असा तो मधला मार्ग होता. महाराष्ट्रात २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा झाला, तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यात अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गाचा एक प्रतिनिधी थेट मतदानाने निवडायची तरतूद आहे. पहिल्या प्रश्नाचा आणि तिसऱ्या प्रश्नाचा विचार या कायद्याने एकत्र केला आहे. पण २०१९ साली विधानसभेच्या निवडणुकांमुळे या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या, मग करोना आला. तरतूद कायद्याच्या पुस्तकात राहिली. अठराव्या वर्षी आमदार-खासदार निवडायचा हक्क मिळालेल्या मुलांना आपला जीएस निवडायला मात्र थांबावं लागलं.

तरीही मंडळं मेली नाहीत, आणि हा मला या इतिहासातला सर्वांत दिलासा देणारा भाग वाटतो. निवडणूक बंद झाली तेव्हा विद्यार्थ्यांनी दुसऱ्या वाटा शोधल्या. माझ्या क्षेत्रातलं एक उदाहरण देते. वालचंदमध्ये ‘वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप’ नावाचं विद्यार्थ्यांचं मंडळ आहे. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी अशी प्रणाली, जी कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. ती कोणीही घ्यावी, उघडून पाहावी, सुधारावी आणि सुधारलेली परत सगळ्यांना द्यावी. या मंडळात वरच्या वर्गातली मुलं खालच्या वर्गातल्यांना शिकवतात, कार्यशाळा भरवतात. पुढच्या वर्षी शिकलेले शिकवणारे होतात. १८४९ साली मुंबईत बिनपगारी शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांचे आणि यांचे कपडे वेगळे, यंत्रं वेगळी, पण रीत तीच. इथे पुढारी कोण, हे मार्कलिस्ट ठरवत नाही. ज्याला काम येतं आणि जो दुसऱ्याला समजावून सांगतो, त्याच्याभोवती माणसं जमतात.

दुसरं उदाहरण पाण्याचं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. अर्धं शहर पाण्यात होतं. त्या दिवसांत कॉलेजची मुलं चिखलात उतरून घरं साफ करत होती, धान्याची पाकिटं बांधत होती, कोणाला कुठे काय हवं त्याच्या याद्या मोबाइलवर फिरवत होती. त्यांना कोणी नेमलं नव्हतं आणि निवडलंही नव्हतं. अशा वेळी जो यादी नीट ठेवतो तोच पुढारी होतो. पण यादी नीट ठेवायची सवय पुराच्या दिवशी लागत नाही. ती आधी कुठल्यातरी गॅदरिंगच्या, शिबिराच्या, मेसच्या हिशेबात लागलेली असते.

२०२१ साली साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ मिळालं. १९४७ चं छत्रपती शिवाजी कॉलेज त्याचाच भाग झालं. ज्या गावात वसतिगृहाच्या चुलीवर ही गोष्ट सुरू झाली, तिथे आता विद्यापीठ आहे. तिथल्या विद्यार्थ्यांच्या हाती काय सोपवलं जाईल, यावरच भाऊरावांच्या नावाचा मान अवलंबून आहे.

आता परत आपल्या वर्गणीकडे येते.

आपल्या शाळेत मंत्रिमंडळ होतं, आठवतं ना? मुख्यमंत्री, स्वच्छता मंत्री, क्रीडा मंत्री आणि सगळ्यांना हवं असलेलं सहल मंत्रिपद. चिठ्ठ्या टाकून मतदान व्हायचं, सर फळ्यावर रेघा मारून मतं मोजायचे. शपथविधी दणक्यात व्हायचा. पण त्या मंत्र्यांकडे खर्चायला एक रुपयाही नसायचा. स्वच्छता मंत्र्याला झाडू हवा असेल तर शिपाईमामांना मस्का लावावा लागायचा. आपल्या शिक्षकांनी मतदान शिकवलं, हे त्या काळातल्या अनेक कॉलेजांपेक्षा जास्त होतं, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पुढची पायरी आता आपण चढू शकतो.

माझी सूचना अशी. उरलेल्या रकमेचा एक भाग, मोठा नको, वर्षाला पंधरा-वीस हजार, असा तीन वर्षं शाळेच्या विद्यार्थी मंत्रिमंडळाला द्यावा. काय घ्यायचं ते त्यांनी ठरवावं. अट दोनच गोष्टींची असावी. बैठक शाळेच्या वेळेतच व्हावी, म्हणजे ज्या मुलीला एसटी पकडायची आहे तिलाही बसता येईल. आणि वर्षाच्या शेवटी जमाखर्च सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवावा, पावत्यांसकट. एखादे शिक्षक सोबत असावेत, पण पेन मुलांच्या हातात असावं.

यावर आक्षेप येतील, ते मला ऐकू येताहेत. मुलं पैसे उडवतील. उडवतील कदाचित, काही. पंधरा हजारांत जास्तीत जास्त किती उडणार? आणि हिशेब वाचायला उभं राहिल्यावर सहाशे मुलांसमोर जो घाम फुटेल, तो धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? दुसरा आक्षेप, शाळेत राजकारण येईल. राजकारण शाळेत नाही शिकलं तर ते बाहेर शिकतातच, आणि बाहेरचे शिक्षक आपल्या सरांसारखे नाहीत. तिसरा, वॉटर प्युरिफायर गरजेचा आहे. असेल तर मुलंच तो घेतील. तहान त्यांना लागते.

शाहू बोर्डिंगमधल्या मुलांना परात दिली, तेव्हा पीठ वाया जाईल अशी भीती कोणाला वाटली असेलच. काही भाकऱ्या करपल्याही असतील. पण त्या करपलेल्या भाकऱ्यांच्या पंगतीतून एक कुलगुरू उठला आणि अख्ख्या जिल्ह्याला जातीबाहेर जेवायची सवय लागली. आपली रक्कम त्या मानाने फारच थोडी आहे.

मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या सत्रात हा विषय घ्यावा, अशी संयोजकांना विनंती. आणि त्या चर्चेला दहावीच्या वर्गातली चार-पाच मुलंमुलीही बोलवावीत. काय हवं ते त्यांनाच विचारू.